चार आठवडे फ्रायबुर्ग : निघायच्या आधी घरी करायची तयारी

चार आठवड्यांत जर्मन येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पैसे भरणाऱ्या आईबाबांचा नंतर हिरमोड व्हायला नको. ए-टू, म्हणजे सहांपैकी दुसरी पातळी, झालेली मुलगी जुलैत जर्मनीला जाऊन ऑगस्टमध्ये बी-टू, म्हणजे चौथी, होऊन परत येत नाही. तिला मिळतं ते वेगळं असतं. जे इथे पाठ झालंय ते तिथे न अडखळता तोंडातून बाहेर पडायला लागतं. पण त्यासाठी ते आधी पाठ असायला हवं. तिथे जाऊन डाटिव्ह विभक्ती शिकणं म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारं मीठ विमानाने जाऊन आणणं.

मी पुण्यात जर्मन शिकवते. शाळेत संस्कृत सोडून जर्मन घेतलेली मुलं, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स करणारे इंजिनिअर, मॅक्स म्युलर भवनची परीक्षा डोक्यावर असलेल्या नर्स, असे सगळे येतात. त्यातले काही उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांच्या कोर्सला जातात, आणि मी बहुतेकांना फ्रायबुर्ग सुचवते. गाव आटोपशीर आहे, ट्रामने आणि सायकलने सगळीकडे जाता येतं, विद्यापीठ आहे, जर्मन शिकवणारं ग्योथे इन्स्टिट्यूट आहे, मागे ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आहेत. बर्लिन कितीही मोहात पाडत असलं तरी भाषेसाठी मी कुणाला तिथे पाठवत नाही. तिथल्या निम्म्या कॅफेंमध्ये कॉफीसुद्धा इंग्रजीतच मागावी लागते.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू, कारण त्यात हुशारीची नाही, तारखा पाळायची गरज असते. कोर्स 90 दिवसांच्या आतला असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, सी प्रकारचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. या दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. एप्रिल-मेमध्ये अर्धं पुणे युरोप टूरच्या व्हिसासाठी रांगेत असतं, अपॉइंटमेंटच मिळत नाही. जुलैचा कोर्स असेल तर मार्चअखेर प्रवेशाचं पत्र हातात हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला. विमा किमान 30,000 युरोंचा, निघाल्यापासून परतेपर्यंतचे सगळे दिवस धरून. व्हिसाची फी जून 2024पासून 90 युरो आहे. पण शेंगेनच्या नियमांत शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना फी माफ करण्याची तरतूद आहे, आणि ती विचारायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. कॉलेजचं बोनाफाईड आणि कोर्सचं पत्र लावून विचारा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार मात्र चुकत नाही. मूल 18च्या आतलं असेल तर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. नोकरीनिमित्त एकजण परगावी असेल तर ही एकच सही पंधरा दिवस खाते, म्हणून आधी तिच्या मागे लागा.

कॉलेजात असाल तर डाडच्या, म्हणजे जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या, उन्हाळी कोर्सच्या शिष्यवृत्तीकडे बघा. तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच बंद होतात. दिवाळीचा फराळ संपायच्या आत ते काम झालेलं बरं.

आता खरी तयारी. निघायला सहा आठवडे उरले असं धरून चाला.

कोर्सवाले आधी ऑनलाइन पातळी-चाचणी घेतात. ती एकट्याने द्या. शेजारी क्लासमधली मैत्रीण नको, दुसऱ्या खिडकीत भाषांतराचं अ‍ॅप नको. आमच्याकडची हुशार मुलं इथे हमखास घसरतात. लेखी पेपरात नव्वद टक्के मिळवायची सवय असते, त्यामुळे चाचणी चांगली जाते आणि पोचल्यावर वरच्या वर्गात बसवतात. शेजारी इटलीची नाहीतर ब्राझीलची मुलगी. तिच्या व्याकरणाच्या चिंधड्या असतात, पण बोलायला लागली की थांबत नाही. आपला गुणी बाळ मात्र मनातल्या मनात आर्टिकल (डेर, डी, डास) जुळवत बसतो, तोवर विषय बदललेला असतो. तसं झालं तर पहिल्या दोन दिवसांतच शिक्षकांना सांगून वर्ग बदलून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

आकडे कानात बसवा. यात मराठी माणसाला फुकटची सवलत आहे आणि तो ती वापरत नाही. जर्मनमध्ये 47 म्हणताना आधी सात येतो, मग चाळीस: झीबन-उंड-फिअर्त्सिश. आपल्याही सत्तेचाळीसमध्ये सात आधीच येतो. पण मुलं जर्मन आकडा ऐकतात, मनात त्याचं इंग्रजी करतात आणि 74 युरो काढून देतात. इंग्रजीला मधून काढून टाका. घरी कुणालातरी जर्मन आकडे मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही फक्त मराठीत म्हणा. वेळेचंही तसंच. हाल्ब द्राय म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. यावरून पहिल्याच आठवड्यात किमान एकाची सहल चुकते.

मग उत्तरं तयार करा. तुम्हाला काय विचारलं जाणार आहे हे मी आत्ताच सांगते: पुणे कुठे आहे, मुंबईपासून किती लांब, घरी कोण कोण असतं, घरात कुठली भाषा बोलता, तुम्ही हिंदी बोलता ना, मग मराठी म्हणजे हिंदीचीच बोली का, मांस का खात नाही, जातीव्यवस्था अजून आहे का, आणि तुमचं लग्न आईवडील ठरवणार का. शेवटचे दोन प्रश्न येणारच येणार, बहुधा जेवणाच्या टेबलावर, आणि विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. यावर तुमचं मत काय आहे ते आधी मराठीत ठरवा. बरेचजण तिथे अडखळतात ते जर्मन येत नाही म्हणून नाही, या गोष्टीवर त्यांनी घरी कधी तोंडच उघडलेलं नसतं म्हणून. मत ठरलं की ते सोप्या जर्मनमध्ये दोन-तीन मिनिटं बोलता येईल असं बसवा, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला. लिहून पाठ करू नका, वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटतं. गणपती समजावून सांगायचीही तयारी ठेवा. आणायचा, दहा दिवस सांभाळायचा आणि मग पाण्यात का सोडायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

तिसरी गोष्ट, इंग्रजीला अडवायचं वाक्य. तुम्ही जरा अडखळलात की समोरचा जर्मन माणूस सौजन्य म्हणून इंग्रजीवर येतो. विशेषतः तरुण मुलं. त्या क्षणी हसून म्हणायचं: क्योनन वीअर बिट्ट बाय डॉइच ब्लायबन? जर्मनमध्येच बोलूया का? हे वाक्य झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे, कारण ते म्हणायची वेळ दिवसातून अनेकदा येते. एकदा म्हटलं की लोक थांबतात, हळू बोलतात, वाट बघतात.

कानांसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या ऐका, सोबत मजकूरही मिळतो. पण निघायच्या आधीचे दोन आठवडे त्या बंद करून त्या भागाचा एसडब्ल्यूआर रेडिओ लावा. तिकडे कुणी हळू बोलत नाही, आणि फ्रायबुर्गची बोली अलेमानिश. शब्दाच्या शेवटी ‘ले’ लावायची खोड आहे. बेकरीतला छोटा पाव तिथे वेकले होतो. जुन्या गावातून रस्त्याच्या कडेने वाहणारे पाण्याचे उघडे पाट म्हणजे ब्येखले. त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणतात. ही गोष्ट आयांना सांगू नका.

राहायला होस्टेल की कुटुंब, असा पर्याय असेल तर कुटुंब घ्या, आणि फॉर्ममध्ये वयस्कर जोडपं चालेल असं आवर्जून लिहा. मुलं नाक मुरडतात, त्यांना समवयस्क हवे असतात. पण समवयस्क इंग्रजी बोलतात आणि संध्याकाळी बाहेर असतात. सत्तरीच्या बाईंना वेळ असतो, त्या एकच गोष्ट तीनदा सांगतात, आणि भाषा शिकणाऱ्याला याहून काय हवं? बोलताना झी म्हणजे अहो-जाहोनेच सुरुवात करा. डू म्हण असं त्यांनी सांगेपर्यंत थांबायचं.

आणि हे पालकांसाठी. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुम्ही जेवणं आवरून, भांडी घासून रात्री दहाला व्हिडिओ कॉल लावता, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नेमकी आबेंडब्रोटची, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या जेवणाची वेळ. अख्ख्या दिवसात घरातली माणसं निवांत एकत्र बसून बोलतात ती एवढीच. वर्गात जे मिळत नाही ते या टेबलावर मिळतं, आणि आपलं लेकरू त्या वेळी वरच्या खोलीत फोन उशीला टेकवून ‘जेवलीस का’ला उत्तर देत असतं. कॉल संध्याकाळी साडेसहाला लावा. तिकडे दुपारचे तीन असतात, वर्ग सुटलेला असतो. रोज नको, एक दिवसाआड पुरे. यावर मी पालकसभेत शब्दही बदलत नाही, कितीही डोळे पाणावले तरी.

आता जेवण. जर्मन रात्रीचं जेवण पुष्कळ घरांत थंड असतं: पाव, चीज, लोणी, काकडी, टोमॅटो. पहिल्या दिवशी मुलांना वाटतं ही सुरुवात आहे, गरम काहीतरी येईल. नाही येत. भूक असेल तर त्याच पावावर जेवून घ्या.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘मी मांस खात नाही’ म्हणून भागत नाही, कारण श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे, पुष्कळांच्या हिशेबात मांसात मोडतच नाहीत. बटाट्याच्या सॅलडमध्ये असतात, कांद्याच्या केकमध्ये असतात, पिझ्झासारख्या पातळ फ्लामकूखनवर तर असतातच. म्हणून विचारायचं वाक्य: इस्ट डा श्पेक द्रिन? याच्यात श्पेक आहे का? माउलटाशन दिसायला चौकोनी करंजीसारखे, आत बहुधा खिमा. केझेश्पेट्सलं, म्हणजे चीज घातलेल्या जाडसर शेवया, चालेल, पण त्यात अंडं असतं. गोड गोळ्यांपैकी मऊ रबरासारख्या ज्या असतात त्यांत बहुतेक वेळा जिलेटीन. बाकी फ्रायबुर्ग शाकाहाऱ्यांना सोयीचं आहे. तैफून ही टोफू बनवणारी कंपनी तिथलीच.

बॅगेत खाऊ भरताना एक नियम लक्षात ठेवा, आज्यांना तर लिहूनच द्या. युरोपीय संघाबाहेरून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, आंबा बर्फी नाही. ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय नाही. त्यातून सूट आहे ती नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूसची पेटी यजमानांना भेट म्हणून नेण्याचा बेत दर वर्षी कुणीतरी करतं. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको. बाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, पोहे, गोडा मसाला खुशाल न्या.

पोहे मी न्यायलाच लावते. यजमानांना चंदनाचा हत्ती देण्यापेक्षा एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात कांदेपोहे करा, आणि कृती जर्मनमध्ये बोलत करा: धुणे, निथळणे, चिरणे, परतणे, झाकण ठेवणे. ही सगळी क्रियापदं निघण्याआधी तयार हवीत. आमच्या एका विद्यार्थिनीने नेहमीच्या हिशेबाने तेल चांगलं तापू दिलं, मोहरी टाकली, वर हिरवी मिरची. छतावरचा धूर ओळखणारा भोंगा कर्कश वाजायला लागला. तिकडे घराघरात तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे. ती रडवेली झाली. घरातले आजोबा खुर्चीवर चढले, वर्तमानपत्राने भोंग्याला वारा घातला, खिडकी सताड उघडली आणि खाली उतरून विचारलं, “हे दाणे उडतात का?” फोडणीत मोहरी का तडतडू द्यायची, आधी टाकली तर काय होतं, नाही तडतडली तर काय होतं, हे तिला अर्धा तास सांगावं लागलं. ‘जर-तर’ची वाक्यं मी तिला दोन महिने शिकवत होते, ती त्या अर्ध्या तासात सुटली. तुम्ही मात्र खिडकी आधी उघडा, आणि फोडणी मंद आचेवर.

घरातल्या रीतींपैकी एकच खोलात सांगते, कारण भांडणं तिच्यावरूनच होतात: न्हाणीघरातलं पाणी. आपल्याकडे बाथरूमची अख्खी फरशी ओली करायला असते, कोपऱ्यात जाळी असते. तिथे शॉवरच्या बाहेर फरशीला बहुतेक ठिकाणी पाणी जायला वाटच नसते. सांडलेलं पाणी फटीतून खाली मुरतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतो. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर आलेलं पाणी लगेच पुसायचं, कपडे बादलीत आपटून धुवायचे नाहीत. संडासात लहान मग हवा असेल तर न्या, पण थेंब पुसा. मुलग्यांनी कमोडवर बसूनच लघवी करायची अशी बऱ्याच घरांत अपेक्षा असते, काही ठिकाणी तसं चित्रच लावलेलं असतं. हे मी वर्गात सांगते तेव्हा सगळे खाली बघतात. तरी सांगते.

बाकी भराभर. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज नको. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान आणा. कचरा वेगवेगळा: कागद, ओला, पॅकिंगसाठी पिवळी पिशवी, उरलेला, पहिल्याच दिवशी यजमानांना विचारा, संभाषणाला विषयही मिळतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. थोडी रोकड जवळ ठेवा, छोट्या बेकरीत कार्डाला नकार मिळतो. दोन गोल पिनांचा चार्जर तिकडे चालतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना अ‍ॅडॅप्टर लागतो. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. जुलैत 30 अंशांच्या वर जातं आणि घरात पंखाही नसतो, सुती कपडे हवेत, पावसाचं जाकीट हवं. लोकरी टोपी आईच्या समाधानासाठी.

प्रवासाचं थोडं सांगायला हवं. ऑक्टोबर 2025पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांची रांग रेंगाळते. फ्रांकफुर्ट विमानतळाला लागूनच असलेल्या स्टेशनवरून फ्रायबुर्गची आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, मिळते, प्रवास दोन तासांहून थोडा जास्त. पण विमान उतरल्यावर तासाभरात सुटणारी गाडी पकडायचा बेत करू नका. आणि जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात हा समज पुण्यातच ठेवून जा. गावात फिरायला डॉइचलांड टिकेट घ्या: जानेवारी 2026पासून महिना 63 युरो, देशभरातल्या ट्राम, बस आणि साध्या गाड्या त्यात येतात, आयसीई येत नाही. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं आणि आपोआप पुढे चालू राहतं. महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. म्हणून कोर्स शक्यतो एकाच महिन्यात बसेल असा निवडा, आणि फोनमध्ये 8 तारखेची आठवण लावूनच विमानात बसा.

शेवटचं काम घराबाहेरचं. वर्ग दुपारी संपतो. त्यानंतर वर्गातली मुलं एकत्र भटकतात आणि आपापसांत इंग्रजी बोलतात. पुण्याची दोघं असली तर मराठी. माझ्या गटातल्यांना मी वेगवेगळ्या घरांत आणि शक्य तर वेगवेगळ्या वर्गांत टाकते, ते माझ्यावर चिडतात. त्यापेक्षा निघायच्या आधीच तिथला एखादा क्लब शोधून ठेवा. जर्मनीत गावागावात हौशी खेळांचे फेराइन असतात, आणि आपल्या मुलांना बॅडमिंटन येतंच. प्रोबेट्रेनिंग, म्हणजे एखाददुसरी सराव-फेरी, फुकट खेळू देता का, असा मेल पुण्यातूनच जर्मनमध्ये लिहा. मी तो तपासून देते, लिहून देत नाही. उन्हाळी सुट्टीत काही क्लब बंद असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी लिहा. रॅकेट बॅगेत, बूट फरशीवर डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे. दुहेरीत जोडीदार मागून ओरडतो तेव्हा आर्टिकल जुळवायला वेळ नसतो, तोंडातून जे येईल ते येतं.

आणि बी-वनची परीक्षा द्यायची असेल तर तिची नोंदणी जाण्याआधी बघून ठेवा, परतल्यावर दोन-तीन आठवड्यांतली तारीख मिळेल अशी. गणपती झाल्यावर देतो म्हणणारे दसऱ्यापर्यंत पुन्हा इंग्रजीतून आकडे मोजायला लागलेले असतात.